चुंगडीतून आलेलं बारमाही सूर्यफूल

परतवाड्याच्या आत्याने चुंगडीच्या, म्हणजे पोत्याच्या, तुकड्यात बांधून दिलेला गड्डा मी एसटीत मांडीवर घेऊन आर्वीपर्यंत आणला. चिखल लागलेली, करंगळीएवढी जाड, पांढरट मुळं आणि त्यांच्या टोकांना हरभऱ्याएवढे गुलाबी कोंब. तिच्या आवारात हौदाच्या बाजूला गणपतीच्या दिवसांत फुलणारा पिवळा ताटवा मी लहानपणापासून पाहत आले होते. आम्ही पोरी त्याला ‘आत्याची शेवंती’ म्हणायचो, कारण फूल शेवंतीसारखं गच्च भरलेलं. पान मात्र सूर्यफुलाचं, हाताला खरखर लागणारं. निघताना आत्या म्हणाली, “याले बी नाही येत बाई, गड्डाच लावा लागते. अन् वर वाळलं म्हणून उपटू नको. खाली जित्तं असते.”

ते शेवटचं वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. त्याची किंमत पुढे दोन वर्षं मोजली.

त्याआधी एक चूक होऊन गेली होती, ती आधी सांगते, कारण ती अनेकांची होते. बाजारातून मी सूर्यफुलाच्या बियांचं पाकीट आणलं होतं. वर ठळक अक्षरांत ‘बारमाही’ छापलेलं. मला वाटलं, एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहील. झाडं छान वाढली, दोन महिन्यांत ताटाएवढी फुलं आली, पोपटांनी दाणे खाल्ले आणि झाडं वाळून गेली. पुढच्या वर्षी तिथे काहीच उगवलं नाही. मग लक्षात आलं की आपल्याकडे ‘बारमाही’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. बारा महिने कधीही पेरता येतं तेही बारमाही, आणि एकदा लावल्यावर मुळं जिवंत राहून दरवर्षी फुटतं तेही बारमाही. तेलाचं सूर्यफूल पहिल्या अर्थाने बारमाही आहे. खरिपात पेरा, रब्बीत पेरा, उन्हाळ्यात पेरा, त्याला दिवस लहान-मोठा असल्याचा फारसा फरक पडत नाही. पण आयुष्य त्याचं तीन-साडेतीन महिन्यांचं. जे कमावलं ते सगळं दाण्यात घालतं आणि मरतं. दुसऱ्या अर्थाचा नेमका शब्द बहुवर्षायू. तो पाकिटावर कोणी छापत नाही, आणि आपण विचारतही नाही.

सूर्यफुलाच्या कुळात पन्नासच्या आसपास जाती आहेत, सगळ्या मूळच्या अमेरिकेकडच्या, आणि त्यातल्या बहुतेक बहुवर्षायू आहेत. आपण ओळखतो ते तेलाचं सूर्यफूल त्यातलं एक. तेही पीक म्हणून आपल्याकडे १९६९ मध्ये रशियातून आलेल्या वाणांनी रुजलं. एवढ्या एका झाडावरून आपण सगळ्या कुळाची पारख करतो. मीही तेच केलं.

गड्डा आणला तो फेब्रुवारीचा शेवट होता. सूर्यफूल म्हणजे त्याला ऊन हवं, असं धरून मी फाटकाजवळची, दिवसभर उन्हात असलेली जागा निवडली. आमची माती भारी काळी. खड्डा केला, शेणखत घातलं, पाच तुकडे लावले आणि रोज पाणी घालू लागले. मार्चभर चांगले फुटले, वीतभर झाले. एप्रिल लागला आणि पानांच्या कडा करपायला लागल्या. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर गेला, जमिनीला हात जाईल अशा भेगा पडल्या आणि वर दिसणारं सगळं वाळून काडी झालं.

तेव्हा घरात पाण्यावरून बोलणं झालं. विहीर तळाला गेलेली, गुरांना पाणी पुरवताना दमछाक, आणि मी संध्याकाळी दोन बादल्या त्या वाळलेल्या काड्यांना घालत होते. “कायले पाणी टाकून राह्यली? मेलं ते,” हे म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. ज्या घरात पिण्याचं पाणी मोजून घ्यावं लागतं तिथे फुलझाडाला पाणी घालणाऱ्या बाईला उत्तर द्यावंच लागतं. मी विहिरीचं पाणी बंद केलं. तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी तेवढं गडव्याने तिथे नेऊन ओतायचे, तेही रोज नाही. पुढे जूनच्या सुरुवातीला तेही सुटलं.

मृग लागून दोन पाऊस झाले. फाटकाजवळ गवत काढायला बसले तर जिथे गड्डे लावले होते तिथून हातभर बाजूला जाड, जांभळट, टोकदार कोंब वर आलेले. एक नाही, सात. मी खुरपं बाजूला ठेवून माती बोटांनी बाजूला केली. खाली पांढरी मुळं आडवी धावत गेली होती, भेगांच्या मधून, ओल शोधत. वरचं झाड मेलं होतं आणि खाली आत्याने सांगितलं तसं जित्तं होतं. मी ओरडून यांना बोलावलं. हे आले, वाकून पाहिलं आणि काही न बोलता शेजारचं काँग्रेस गवत उपटून टाकलं. त्या दिवसानंतर पाण्याचा विषय आमच्या घरात परत निघाला नाही.

पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झड लागली. आठ-नऊ दिवस ऊन नाही, पाऊस थांबायला तयार नाही. काळ्या मातीचा हाच स्वभाव. उन्हाळ्यात ती आकसून फाटते आणि पावसाळ्यात फुगून अशी बंद होते की पाणी खाली जायला वाटच राहत नाही. कंबरेएवढी झालेली झाडं एकेक करून माना टाकायला लागली. पाणी भरपूर आणि झाड सुकलेलं, हे पाहून मी गोंधळले. उपटून पाहिलं तर जमिनीलगतचा बुंधा मऊ झालेला, त्यावर कापसाच्या तंतूंसारखी पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीसारखे बारीक तपकिरी दाणे. हे दाणे हरभऱ्यावर पाहिलेले होते. आपले कास्तकार त्याला मानकूज म्हणतात. सातपैकी एक झाड राहिलं, तेही फाटकाच्या ओट्याच्या कडेला, उंचवट्यावर होतं म्हणून.

त्या एका झाडाला महालक्ष्म्यांच्या आधी चार फुलं आली. चारच. पण त्या दिवसांत शेवंतीचा पत्ता नसतो, झेंडू दसऱ्याच्या तयारीत असतो, आणि महालक्ष्म्यांपुढे माझ्या आवारातली ही पिवळी, गच्च, पाकळीवर पाकळी असलेली फुलं होती. सासूबाईंनी दोन ज्येष्ठेला, दोन कनिष्ठेला वाहिली. मला तेवढं पुरलं. हे झाड आता सोडायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं.

त्या वर्षी अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीला आमच्या गावातून गाडी निघाली. सगळे कपाशी आणि सोयाबीनचे वाण पाहायला गेले. मी ओल्या फडक्यात गुंडाळून एक फूल आणि फांदी नेली होती. फुलशेतीच्या एका मॅडमनी ती हातात घेतली, पान उलटंसुलटं केलं आणि मला बाजूला बसवून समजावलं. हे संकरित झाड आहे. त्याचं एक पालक आपलं तेलाचं सूर्यफूल आणि दुसरं अमेरिकेतल्या जंगलाच्या कडेने, सावली-उन्हात वाढणारं एक बहुवर्षायू सूर्यफूल. तेलाच्या सूर्यफुलाची गुणसूत्रं ३४, त्या दुसऱ्याची ६८ आणि या लेकराची ५१. एकावन्नाचे दोन सारखे भाग पडत नाहीत, म्हणून बी धरत नाही. केळीचंही असंच असतं, म्हणून केळी कंदाने लावतात. शास्त्रीय नाव हेलियान्थस मल्टिफ्लोरस, आणि युरोपातल्या बागांत ते काही शतकांपासून आहे.

घरी येताना गाडीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, जंगलाच्या कडेने, सावली-उन्हात. मी नाव ऐकून त्याला भर उन्हात उभं केलं होतं. त्याच्या अंगात निम्मं आयुष्य झाडांच्या सावलीतलं होतं.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये त्या वाचलेल्या झाडाचे तीन कोंब मुळासकट काढले आणि जागा बदलली. आमच्या आवाराच्या पूर्वेकडच्या कुंपणाला सकाळचं ऊन भरपूर मिळतं आणि दुपारी दोननंतर घराची सावली पडते. तिथे वाफा करण्याआधी मी एक साधी परीक्षा घेतली, जी पहिल्याच वर्षी घ्यायला हवी होती. फूटभर खोल खड्डा केला, संध्याकाळी त्यात दोनदा पाणी भरलं आणि सकाळी जाऊन पाहिलं. वीतभर पाणी तसंच उभं होतं. अशा जमिनीत खड्डा करून झाड लावणं म्हणजे त्याला टाक्यात बसवणं. म्हणून खड्डा केलाच नाही. उलट जमिनीच्या वर फूटभर उंच, तीन फूट रुंद, पंधरा फूट लांब गादीवाफा केला. दोन भाग काळी माती, एक भाग बारीक मुरूम, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत. शेणखतात कृषी विज्ञान केंद्रातून आणलेला ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला मारणारी मित्र-बुरशी, मिसळून ते आधी दहा दिवस सावलीत ओलसर ठेवलं होतं. वाफ्याच्या मागून पाणी निघून जायला एक नाली. मुरूम टाकताना शेजारच्या काकूंनी विचारलं की चांगल्या काळ्या मातीत खडी कोण कालवतं. पण त्या वर्षीही झड लागली आणि माझं एकही झाड गेलं नाही.

त्या वर्षी अडचण वेगळीच आली. सावली आणि खत दोन्ही मिळाल्यावर झाडं सरळ वर गेली, माझ्या डोक्याच्या वर. हस्ताचा पाऊस वाऱ्यासकट आला आणि एका रात्रीत सगळी आडवी झाली. आधार म्हणून हाताशी होत्या त्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, रोवल्या. दोन आठवड्यांत शेंड्यांवर पांढरा कापूस दिसायला लागला, खालून वर मुंग्यांची रांग. पिठ्या ढेकूण. कपाशीवरची ही कीड पऱ्हाटीत लपून राहते, म्हणूनच पऱ्हाटी बांधावर साठवू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. मला वाटतं माझ्या वाफ्यात तो त्याच काड्यांतून आला. जास्त किडलेले शेंडे कापून जाळले, बाकीचे साबणाच्या पाण्याने आणि निंबोळी अर्काने चार-चार दिवसांनी धुतले. महिना गेला त्यात. तेव्हापासून आधाराला फक्त बांबूच्या कमच्या, बुरडाकडून चिरून आणलेल्या, आणि वाफ्याच्या दोन्ही बाजूंनी गुडघ्याच्या वर आणि कंबरेच्या वर अशा दोन दोऱ्या. झाड लहान असतानाच बांधायचं. पडल्यावर उभं केलेलं झाड वाकडंच राहतं.

उंचीवर खरा उपाय मात्र कात्रीचा आहे. जुलैमध्ये झाड दोन-अडीच फुटांचं झालं की शेंडा चार बोटं खुडायचा. खालून तीन-चार फांद्या फुटतात, झाड रुंद होतं, साडेचार फुटांवर थांबतं आणि फुलं दुपटीने येतात. थोडी उशिरा येतात एवढंच. आमच्याकडे नागपंचमीला चिरत नाहीत, कापत नाहीत, जमीन खणत नाहीत, म्हणून मी खुडणी त्याच्या आठ दिवस आधी उरकते. त्यामुळे कामाची तारीख कधी चुकत नाही. नागपंचमीनंतर खुडलं तर महालक्ष्म्यांना फुलं मिळत नाहीत, हे एकदा अनुभवलं.

फुलं पोळ्याच्या आसपास सुरू होतात. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं आपापले लाकडी बैल सजवायला माझ्याकडे फुलं मागायला येतात. दसऱ्यापर्यंत बहर टिकतो, सुकलेली फुलं काढत राहिलं तर दिवाळीलाही तुरळक मिळतात. पाण्यात ठेवलेलं फूल पाच-सहा दिवस टिकतं. एक उणीव मात्र आहे. याच्या फुलाचं सगळं पाकळ्यांतच गेलेलं असल्यामुळे मधमाश्यांना त्यात फारसं काही मिळत नाही. त्या येतात, फिरतात आणि शेजारच्या तुळशीवर जाऊन बसतात.

हे मनाला लागून राहिलं, म्हणून तिसऱ्या वर्षी मी आणखी एक बहुवर्षायू सूर्यफूल आणलं. हिंदीत त्याला हाथीचक म्हणतात, इंग्रजीत जेरुसलेम आर्टिचोक. जेरुसलेमशी त्याचा काही संबंध नाही. सूर्यफुलाला इटालियन भाषेत जिरासोले म्हणतात, त्याचाच हा अपभ्रंश मानला जातो. अमेरिकेतले मूळ रहिवासी युरोपीय लोक पोचण्याच्या आधीपासून ते कंदासाठी लावत होते. १६०५ मध्ये शाम्प्लेन नावाच्या फ्रेंच प्रवाशाने त्यांच्या शेतांत ते पाहिलं. मी उत्तर भारतातल्या एका शेतकऱ्याकडून पोस्टाने अर्धा किलो कंद मागवले. दिसायला आल्यासारखे, पण साल इतकी पातळ की ताटात चार दिवस ठेवले तर सुरकुततात. शिवाय या कंदांना फुटण्याआधी थंडी लागते, आणि आपल्याकडे तेवढी थंडी कुठली! ओलसर वाळूत घालून डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सहा आठवडे ठेवला. जूनमध्ये लावले, सगळे उगवले.

हाथीचकाने मला उंचीची खरी ओळख करून दिली. कुंपणाच्या वर, छपराला लागेल इतकं. ऑक्टोबरात लहान, एकेरी, पिवळी फुलं आली आणि त्यांच्यावर मधमाश्यांची अशी गर्दी की सकाळी त्या बाजूला गुणगुण ऐकू यायची. डिसेंबरात झाड वाळलं तेव्हा एका बुंध्याखाली खणून पाहिलं, घमेलं अर्धं भरलं. भाजी केली. चव बटाटा आणि शिंगाड्याच्या मधली, किंचित गोड. त्यात पिष्ट नसतं, इन्युलिन नावाचा तंतुमय पदार्थ असतो, तो आपल्या आतड्यात सहज पचत नाही आणि पोटात वात धरतो. आमच्याकडे दोघांना रात्रभर त्रास झाला. थोडं खावं, आणि पहिल्यांदा तर फारच थोडं.

बाकीचे कंद जमिनीतच ठेवले, पुढच्या वर्षी आपोआप उगवतील म्हणून. जानेवारीतल्या एका रात्री रानडुकरं आली. आमचं घर गावाच्या टोकाला, मागे लगेच वावरं. सकाळी पाहिलं तर कुंपण एका बाजूने उचकटलेलं आणि हाथीचकाची जागा नांगरल्यासारखी. एक कंद शिल्लक ठेवला नव्हता. पण शेजारीच, चार फुटांवर, आत्याच्या सूर्यफुलाचा गादीवाफा जसाच्या तसा. त्याच्या मुळांत फुगलेले कंद नाहीत, डुकराला त्यात खायला काही नाही. बसून रडावंसं वाटलं होतं, ते वाफा पाहून थांबलं. ज्यांचं घर भर वस्तीत आहे त्यांनी हाथीचक जरूर लावावं. रानाच्या कडेला राहणाऱ्यांनी मातीत कंद सोडू नयेत, काढून वाळूत ठेवावेत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एक धसका बसला होता. सकाळी पानांवर मळक्या पांढऱ्या रंगाचे, पाठीवर काळपट रेघा असलेले, भुईमुगाच्या अर्ध्या दाण्याएवढे भुंगे. पानं कुरतडलेली. हे भुंगे मी रस्त्याच्या कडेच्या काँग्रेस गवतावर पाहिले होते. फवारा भरायला घेतला, पण आधी कृषी सहायकांना फोटो दाखवला. ते म्हणाले, थांबा. हा मेक्सिकन भुंगा. काँग्रेस गवत खायला म्हणून मुद्दाम मेक्सिकोहून आणलेला आणि १९८४ मध्ये बंगळुरूला सोडलेला. पुढे कर्नाटकात तो सूर्यफुलाच्या शेतात दिसला तेव्हा मोठी ओरड झाली होती. तपासात निघालं ते असं, की काँग्रेस गवताचा परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसतो, त्यामुळे भुंगा ती पानं कुरतडतो. सूर्यफूल हे त्याचं खरं अन्न नाही.

म्हणजे दोष कुंपणाबाहेरच्या गवताचा होता. आणि तेवढ्यावर भागत नाही. सूर्यफुलाचा नेक्रोसिस नावाचा विषाणूरोग १९९७ मध्ये कर्नाटकात दिसला आणि दक्षिणेत त्याने पिकंच्या पिकं बसवली, तोही याच गवताच्या परागातून आणि फुलकिड्यांमार्फत पसरतो. १९५५ च्या सुमाराला पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलेलं हे गवत आज आपल्या एकेका गल्लीत आहे. मी फवारा ठेवून दिला. आम्ही दोघांनी आणि शेजारच्या काकूंनी मिळून कुंपणाबाहेरच्या पन्नास फुटांतलं गवत फुलायच्या आत उपटलं, हातमोजे घालून, कारण काकूंच्या अंगावर त्याने पुरळ येतं. भुंगे चार-पाच दिवसांत निघून गेले. आता दर पावसाळ्यात दोनदा हे काम होतं. वाफ्याची निगा वाफ्याच्या बाहेरून सुरू होते हे मला त्यातून पटलं.

आता विभागणीचं सांगते, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याची होते, आणि माझी सगळ्यात महागाची चूकही तीच. तीन वर्षांत गड्डा पसरतो, कडेचे कोंब जोमदार होतात आणि मध्यभाग पोकळ, लाकडासारखा होतो. तेव्हा तो खोदून तुकडे करून नव्याने लावावा लागतो. एका मासिकात वाचलं होतं की ही झाडं हिवाळा संपताना विभागावीत. म्हणून जानेवारीअखेर मी अर्धा वाफा खोदला. तुकडे लावले, फुटलेही, अगदी पहिल्या वर्षासारखे. आणि पहिल्या वर्षासारखेच एप्रिलमध्ये गेले. यावेळी खालीसुद्धा काही उरलं नव्हतं. ताज्या तुकड्याजवळ उन्हाळा काढण्याएवढी शिदोरी नसते.

ज्या अर्ध्या वाफ्याला हात लावला नव्हता तो जूनमध्ये भरभरून आला. त्याच वेळी मला कळलं की मासिकातला हिवाळा आपल्यासाठी नव्हता. बर्फाच्या देशात झाड हिवाळ्यात जमिनीखाली जातं आणि बर्फ वितळल्यावर वर येतं. आपल्याकडे ते एप्रिल-मेमध्ये खाली जातं आणि मृगात वर येतं. आपला उन्हाळा हाच त्याचा हिवाळा. त्याचं वर्ष जूनपासून मोजायचं, मग सगळी कामं आपोआप जागेवर येतात. पहिले दोन चांगले पाऊस झाले, कोंब बोटभर वर आले, की ढगाळ दिवस पाहून सब्बल घालून गड्डा उचलायचा. कडेचे, पांढऱ्या मुळांचे, दोन-तीन कोंब असलेले तुकडे घ्यायचे, मधलं लाकूड फेकून द्यायचं. दोन फुटांच्या अंतराने, कोंब जेमतेम झाकेल इतकं वर लावायचं. शंभरातले नव्वद जगतात.

उन्हाळ्याची तयारी डिसेंबरात करते. वाळलेल्या काड्या वीतभर ठेवून कापते. त्या वीतभर काड्या गड्डा कुठे आहे याची खूण म्हणून लागतात, नाहीतर मार्चमध्ये कोणीतरी त्यावरून कुदळ चालवतं. फेब्रुवारीत वाफ्यावर सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचा, सहा बोटं जाड थर. पहिल्यांदा असं केलं तेव्हा कुटारात उधई, म्हणजे वाळवी, लागली आणि खाली मुळांपर्यंत गेली. आता कुटाराखाली निंबोळी ढेप पसरते आणि बुंध्याच्या अगदी लगत कुटार येऊ देत नाही. पाण्यासाठी वाफ्यात तीन जुनी मडकी गळ्यापर्यंत पुरली आहेत. मार्च ते मे आठवड्यातून एकदा ती भरते, वर झाकणी ठेवते. तीन मडक्यांना मिळून दीड-दोन बादल्या. एवढ्यात पंधरा फुटांचा वाफा उन्हाळा काढतो. वर हिरवं दिसावं म्हणून पाणी घालायचं नाही. खालचं सुकू नये एवढंच घालायचं.

आमच्यासारख्या काळ्या मातीसाठी आणखी एक जात असावी असं मला फार वाटतं. अमेरिकेत टेक्सासमध्ये ब्लॅकलँड प्रेअरी नावाचा पट्टा आहे. तिथली माती आपल्या रेगुराच्याच जातीची, पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी. त्या मातीत मॅक्सिमिलियन नावाचं बहुवर्षायू सूर्यफूल गवताळ रानात आपोआप वाढतं, दांड्याला खालपासून वरपर्यंत फुलं येतात. कॅन्ससमधल्या लँड इन्स्टिट्यूट या संस्थेने तर त्यातून दरवर्षी न पेरता उगवणारं तेलबियांचं पीक होईल का, यावर काम केलं आहे. हे वाचलं त्या रात्री मी यांना वाचून दाखवलं. दरवर्षी बियाण्याच्या थैल्यांसाठी उधारी करणाऱ्या घरात ‘न पेरता उगवणारं पीक’ हे शब्द किती वेळ कानात राहतात, ते कास्तकारालाच कळेल. परदेशी बी असं पाकिटात घालून आणता येत नाही, त्याला परवाना आणि तपासणी लागते, आणि तसंच असायला हवं. बाहेरून आलेलं काँग्रेस गवत आपण भोगतोच आहोत. एखाद्या विद्यापीठाने ते रीतसर आणून आपल्या मातीत लावून पाहावं, एवढी माझी इच्छा आहे.

मागच्या जूनमध्ये चौथ्या वर्षीचा सगळा वाफा उचलला. एकवीस तुकडे निघाले. नऊ परत लावले. चार शेजारच्या काकूंना, ज्यांनी मुरुमावरून मला हटकलं होतं आणि आता स्वतः गादीवाफा केला. दोन माझ्या बहिणीला पुलगावला. सहा गावच्या शाळेला. शाळेच्या मैदानाच्या कडेला कुंपण पूर्ण नव्हतं, बकऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात चार तुकड्यांचे शेंडे खाल्ले. मी पोरांना सांगितलं, काही करू नका, फक्त भोवती काटक्या लावा. जुलैच्या मध्यात चारही फुटले, शेंडा खुडल्यासारखेच, तीन-तीन फांद्यांनी.